पाईकराव सरांचा धागा

पाईकराव सरांना कुणी वेळ विचारली तर ते "सव्वादहा झाले" असं कधी म्हणत नसत. "माझ्या घड्याळात सव्वादहा झालेत," असं म्हणत. आभाळ भरून आलेलं असलं आणि स्टाफरूममधल्या कुणी "काय सर, येतो का पाऊस?" असं विचारलं, तर ते उठून खिडकीपर्यंत जात, वर नीट बघत आणि परत येऊन सांगत, "ढग आहेत." पुढे काही नाही. आम्ही हसायचो. वसमतचं ते कॉलेज नवं होतं, आम्ही सगळेच पंचविशी-तिशीतले मास्तर होतो, आणि हसायला काहीतरी निमित्त हवंच असायचं. मी इतिहास शिकवायचो. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मनात लढाईच्या आदल्या दिवशी काय चाललं होतं, ते मी वर्गात बेधडक सांगायचो, आणि शेजारच्या वर्गात हा गृहस्थ बेडकाला किती पाय असतात तेसुद्धा मोजून दाखवल्याशिवाय सांगत नसे.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी ते आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवायला आले. जवळा बाजारपासून चार-पाच कोसांवर त्यांचं गाव. तिथल्या बौद्धवाड्यातून एम.एस्सी.पर्यंत गेलेले ते पहिलेच. औरंगाबादला शिकले, मग मुंबईला दोन वर्षं संशोधन केलं. विषय हृदयाचा. हृदय का धडधडतं, तर त्याच्या स्नायूत दोन जातींचे बारीक रेणू असतात, ते एकमेकांत शिरतात आणि बाहेर येतात. दोन फण्या समोरासमोर धरून दाते एकमेकांत सरकवावेत तसं. हे केव्हा सरकतात, त्यांना कोण अडवून धरतं आणि कोण सोडतं, ते शोधायचं. मला समजलं ते एवढंच, आणि हे समजायलाही मला दोन वर्षं लागली. मुंबईतली मुदत संपली तेव्हा काम अर्ध्यावर होतं. उरलेलं काम नोकरीच्या गावी करायची परवानगी त्यांच्या गाईडनी दिली. नोकरीचं गाव कसं आहे ते त्यांनी विचारलं नसावं.

वसमतला खोली मिळायला त्यांना दोन महिने लागले. का लागले, ते आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तोवर ते प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत राहिले, आणि पुढे खोली मिळाल्यावरही त्यांचं बरंचसं सामान तिथेच राहिलं.

त्यांच्या धडपडीची गोष्ट सांगितल्याशिवाय माणूस कळायचा नाही. प्रयोगाला बकऱ्याचं हृदय लागायचं, आणि तेही ताजं, कापल्यापासून काही मिनिटांत बर्फात गेलेलं. बकरं मिळणं सोपं होतं, बर्फ अवघड. बर्फ नांदेडहून यायचा, लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून, सकाळच्या बसच्या टपावरून. आणि तो यायचा रसवंतीवाल्यासाठी. त्यामुळे उन्हाळ्यात रसवंतीचे घुंगरू वाजायला लागले की सरांचं संशोधन सुरू व्हायचं आणि पहिल्या सरीला रसवंती उठली की बंद पडायचं. हृदयाच्या रेणूंचा अभ्यास उसाच्या रसावर अवलंबून आहे हे मुंबईच्या गाईडना ठाऊक असतं, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

सकाळी सात वाजता सर सायकलीला डबा अडकवून इस्माइलभाईंच्या दुकानामागे उभे राहत. इस्माइलभाई खाटीक, धिप्पाड आणि बोलघेवडा माणूस. हृदय हातात पडलं की सर ते बर्फात टाकत आणि जीव खाऊन सायकल मारत कॉलेजकडे सुटत. रस्त्यातली माणसं बाजूला होत. एकदा इस्माइलभाईंनी मागून हाक मारली, "अजी साब, इत्ता भागते कायकू? बकरा तो मर गया ना, अब उसको कायकी जल्दी?"

"उसको नहीं इस्माइलभाई, मुझको है," सर पायडल मारता मारता म्हणाले.

हृदयाच्या बारीक पट्ट्या कापून ते ग्लिसरीनमध्ये बुडवत आणि ती बाटली सरकारी दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवत. तो फ्रिज रॉकेलवर चालायचा आणि त्यात देवीच्या, धनुर्वाताच्या लसी असायच्या. तिथल्या कंपाउंडरनं त्यांना खालचा एक कोपरा दिला होता. तीन-चार आठवडे बाटली तिथे राहायची. मग त्यातला केसाएवढा धागा काढून काचेवर ठेवायचा आणि त्यावर एका द्रावणाचा थेंब सोडायचा. त्या द्रावणाची पूड मुंबईहून कुणा ओळखीच्याच्या हातून थर्मासात घालून यायची.

मी पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला आठवतो. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं, खिडकीतलं ऊन आरशावर घेतलं, आणि म्हणाले, "आता बघा. काय दिसेल ते मी आधी सांगत नाही." थेंब पडला. तो मेलेला, महिनाभर बाटलीत मुरलेला धागा हळूच आखडला. इतका स्पष्ट की मी दचकून डोळा काढला.

"सर, हा जिवंत आहे!"

"नाही."

"अहो, हलला ना!"

"आखडला. इतकंच दिसलं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहीतसुद्धा प्रत्येक प्रयोगाखाली ते असंच काहीतरी लिहीत. किती लांब होता, किती झाला. वाटलं, बहुतेक, असावं, हे शब्द त्यांच्या वहीत नव्हतेच.

कुणीतरी त्यांना विचारलं होतं की बहिणीच्या दुखण्यामुळे तुम्ही हृदयाचा विषय घेतला का. प्रश्न मनाला लागावा असाच होता, आणि होकार दिला असता तर ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले असते. सर म्हणाले, "नाही. गाईडकडे हृदयाचं काम चालू होतं. यकृताचं असतं तर मी यकृत घेतलं असतं."

बहीण म्हणजे गया. त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटी. बारा वर्षांची असताना तिला ताप आला, घसा सुजला, मग आज गुडघा दुखे तर उद्या मनगट. सगळ्यांना वाटलं, वाढीचं दुखणं. ताप गेला पण हृदयाच्या झडपेला धरून गेला. झडप वर्षावर्षाला आकसत गेली. तिचं लग्न जवळा बाजारच्या उत्तमशी झालं होतं. उत्तम शिंपीकाम करायचा. अबोल, भला माणूस. पाण्याची घागर त्यानं तिला कधी उचलू दिली नाही, आणि त्याबद्दल भावकीतल्यांची थट्टा ऐकून घेतली. गया मात्र बोलकी. भावाची नक्कल अशी हुबेहूब करायची की त्यांची आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. "दादा, भूक लागली का?" असं स्वतःच विचारायची आणि भुवया वर करून स्वतःच उत्तर द्यायची, "पोट रिकामं हाय."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. टाळण्यासारखा असता तर टाळला असता.

त्यांच्या गावात चौदा एप्रिलच्या जयंतीला एक रीत होती. वाड्यातलं जे कुणी शिकून पुढे गेलं असेल, त्यानं त्या दिवशी यायचं आणि नुसता हार घालून घ्यायचा नाही, तर आपण काय शिकलो ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. टेलिफोन खात्यात लागलेल्या एकानं दोन गावठी फोन तारेनं जोडून दाखवले होते. नर्सिंग शिकलेल्या एका मुलीनं पट्ट्या बांधून दाखवल्या होत्या. त्या वर्षी पाळी पाईकराव सरांची होती. ते मला म्हणाले, "कदम सर, चला. सूक्ष्मदर्शक धरायला कुणी तरी हवं. आणि दोन शब्द बोला, मला स्टेजवर बोलता येत नाही."

मला बोलता येतं, हाच घोटाळा. बर्फाचा डबा, बाटली आणि सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन आम्ही एस्टीनं गेलो. दुपारी शाळेच्या पटांगणात पाल बांधलेलं, समोर तीनशे माणसं, निळे झेंडे, लाउडस्पीकर. मला स्फुरण चढलं. मी म्हणालो, "मंडळी, बकरं मरून महिना झाला, पण आपल्या पाईकराव सरांच्या हाताखाली त्याचं काळीज अजून हलतं! आज बकऱ्याचं हललं, उद्या याच हातानं माणसाचं आजारी काळीज बरं होईल!"

टाळ्यांनी पाल हाललं. मी खाली बसलो तेव्हा माझी मान ताठ झाली होती. सर उठले. त्यांचा चेहरा पडला होता. लाउडस्पीकरसमोर उभे राहून ते म्हणाले, "कदम सर जे बोलले ते मी पाहिलेलं नाही. मी इतकंच पाहिलंय की धागा आखडतो. त्यानं आजारी माणूस बरा होत नाही. माझ्याकडे औषध नाही."

पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारचा एक म्हातारा आनंदानं मान डोलवत म्हणाला, "बघा, पोरगं इतकं मोठं झालं पर गर्व न्हाई. मोठा माणूस असंच बोलतो."

मग रांग लागली. उन्हात टेबल मांडलं होतं. एकेकानं डोळा लावायचा, सरांनी थेंब सोडायचा. म्हाताऱ्या बाया बघून झाल्यावर सूक्ष्मदर्शकाला हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. गया सगळ्यात शेवटी आली. तिला एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघायला जमेना, म्हणून सरांनी आपला तळवा तिच्या डाव्या डोळ्यावर धरला. थेंब पडला. "आखडला!" ती ओरडली, "दादा, आखडला रे!" आणि मग टेबलाला धरून धापा टाकत उभी राहिली. एवढं ओरडण्यानं तिला धाप लागली होती.

परतीच्या वाटेवर सर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

पुढच्या महिन्यापासून त्या गावातली माणसं कॉलेजात येऊ लागली. बाजाराला आली की आमच्याकडे एक फेरी मारून जायची. कुणाकडे सोयरीक होती, कुणाकडे नवसाचं बकरं कापलं होतं. पळसाच्या पानात गुंडाळलेलं हृदय घेऊन यायची. "सर, तुमच्या कामाला." उन्हातून सहा-सहा तास आलेलं, काळं पडलेलं, माशा बसलेलं. प्रयोगाला त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. सर ते दोन्ही हातांनी घेत, वहीत नाव-गाव लिहीत, चहा पाजत, आणि दरवेळी सांगत, "मी औषध करत नाही. हे काम वेगळं आहे." समोरचा माणूस "व्हय, व्हय" म्हणायचा आणि जाताना विचारायचा, "मंग कधीपर्यंत होईल?"

जूनमध्ये सर गयाला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की झडप फार आकसली आहे, गोळ्यांवर भागायचं नाही. मुंबईला ऑपरेशन होतं. सर्जन हृदयात बोट घालून झडप मोकळी करतो. त्यांनी चिठ्ठी दिली, मुंबईनं दिवाळीनंतरची तारीख दिली. नेमकी त्याच आठवड्यात विद्यापीठाची परीक्षा आली आणि सरांना रजा मिळेना. उत्तम म्हणाला, "मी नेतो की दादा. तुमी घोर करू नका."

दहा-बारा दिवसांनी कार्ड आलं. गयाचंच अक्षर, चौथीपर्यंतचं, मोठं-मोठं. मुंबईला जाऊन आलो, डॉक्टरनं तपासलं, आता ऑपरेशनची गरज नाही म्हणाला, गोळ्या दिल्या, काळजी करू नको. सरांनी ते कार्ड मला वाचायला दिलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. डिसेंबरात एका रविवारी ते जवळा बाजारला जाऊन आले. मी विचारलं, "कशी आहे?" तर म्हणाले, "बरी दिसली. शर्टांना बटणं लावत बसली होती." त्या दिवशी त्यांनी चक्क स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा सांगितला.

एप्रिलची सुरुवात असेल. रसवंती सुरू झाली होती, सरांचा हंगाम जोरात होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी त्यांच्यासाठी रसाचा ग्लास घेऊन प्रयोगशाळेचा जिना चढत होतो. जिन्यात गया होती. तीन पायऱ्या चढायची, थांबायची, कठडा धरून वाकायची. मागे उत्तम, हातात ॲल्युमिनियमचा डबा. मी "अगं, खालीच थांब, सरांना बोलावतो," म्हणालो, तर तिनं हातानंच नको म्हटलं. बोलायला श्वास नव्हता.

सर दारात आले. गयानं उत्तमच्या हातातला डबा घेऊन त्यांच्यापुढे धरला आणि तुकड्या-तुकड्यानं बोलली, "दादा, घे. आमच्या गल्लीत बकरं कापलं. बराबर बर्फात घालून आणलंय, तू म्हणतो तसं. रस्त्यात गोळेवाल्याकून आणखी घेतला. ते लोक पानात आणतात, ते तुला चालत न्हाई ना?"

सर डब्याकडे बघत नव्हते. तिच्या पायांकडे बघत होते. पाय घोट्यापासून वर सुजून तुकतुकीत झाले होते. गळ्याजवळची शीर उडत होती, ती मलासुद्धा दिसत होती.

"मुंबईचा डॉक्टर काय म्हणाला होता?" सरांनी विचारलं.

गया उत्तमकडे बघू लागली. उत्तमनं खाली बघितलं. "आमी गेलोच न्हाई दादा."

"काहून?"

"लई लोक सांगत होते, छाती फाडतात तिथं," गया म्हणाली. "मंग म्हणलं, कशाला फाडून घ्या? दादा औषध करून राहिलाच की. त्याचं होईस्तोवर दम धरू. तुला सांगितलं असतं तर तू काम सोडून मला घेऊन गेला असता. म्हणून कार्ड टाकलं."

"औषध करतोय असं मी कधी म्हणालो गया?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, तक्रारीनं नाही. साक्षीदाराकडे बघावं तसं. "तू कशाला म्हणशील? हे सर म्हणले की स्टेजवर."

रसाचा ग्लास माझ्या हातात होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना. आजही ती जिन्यातली दुपार आठवली की मला माझ्या आवाजाची, माझ्या त्या पल्लेदार वाक्यांची, किळस येते.

सर तिला रागावले नाहीत. तिला खुर्चीवर बसवलं, खिडकी उघडली. डबा हातात घेतला, झाकण काढलं, आतलं हृदय बोटानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "अगदी बरोबर आणलंस. आजपर्यंत एवढं चांगलं कुणी आणलं नव्हतं." गया हसली. आणि त्यांनी डबा बंद करून टेबलाखाली सरकवला, मला म्हणाले, "कदम सर, पूर्णेची गाडी किती वाजता आहे?"

मी गेलो त्यांच्याबरोबर. पूर्णेला गाडी बदलली, परभणी, मग औरंगाबाद. डब्यात गयाला आडवं पडता येत नव्हतं; पडलं की गुदमरायची. सर पूर्ण वाट तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहिले, म्हणजे तिला टेकायला व्हावं. मध्ये एकदा मला म्हणाले, "डिसेंबरात मी गेलो होतो तेव्हा ती एकदाही खाटेवरून उठली नाही. दोन तास होतो मी. मी बघितलं होतं, कदम सर. पण नोंदलं नाही."

डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. फुप्फुसांत पाणी भरलं आहे. ते उतरलं, हृदयानं थोडी उभारी धरली, तर मुंबईला हलवता येईल. आज हलवलं तर वाटेतच संपेल. सहा महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं. सर ऐकत होते. हृदयाचा रेणू न् रेणू ज्यांनी चार उन्हाळे खपून मोजला होता, ते त्या व्हरांड्यात माझ्या शेजारी, इतर पेशंटांच्या नातेवाइकांसारखेच, भिंतीला टेकून उकिडवे बसले. नर्स आली की उठून उभे राहत. तिनं पाणी आणा म्हटलं की पाणी आणत. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

नऊ दिवस गया उशांना टेकून बसलेली होती. तिचा विश्वास तसूभर हलला नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं. एका दुपारी तिनं विचारलं, "दादा, किती राहिलं तुझं?"

"गया, मला फक्त एवढं कळलंय की धागा का आखडतो. त्याच्यापुढं काही कळलं नाही."

तिनं थोडा वेळ श्वास गोळा केला. "मंग थोडंच राहिलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर थोपटलं. धीर ती त्यांना देत होती.

दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. पाणी उतरलंच नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जवळा बाजारला गेलो. भंतेजींनी वंदना म्हटली, माणसं पांगली. उत्तम येऊन सरांच्या समोर बसला. त्याला बोलायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. शेवटी म्हणाला, "दादा, तुमी मनाला लावून घेऊ नका. तिचंच नशीब कमी पडलं. आणखी एक साल काढली असती तर तुमचं औषध झालंच होतं." बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी उत्तमचा हात हातात घेतला.

परत येताना मी एस्टीत त्यांची माफी मागितली. सगळं बोललो, रडलो. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचं बोलणं त्यांना आवडलं," ते म्हणाले, "माझं आवडलं नाही. त्याला आपण दोघं काय करणार?" मला त्यांनी माफ केलं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आमची मैत्री राहिली, पण त्यानंतर कॉलेजच्या कुठल्याही समारंभात मी माईक हातात घेतला नाही.

काम त्यांनी पूर्ण केलं. प्रबंध मुंबईला गेला, पदवी आली. आणि माणसं येतच राहिली. उलट वाढली. गया गेल्यानं लोकांचा विश्वास उडेल असं मला वाटलं होतं, झालं भलतंच. सख्ख्या बहिणीसाठी ज्यानं औषध शोधायला घेतलं आणि चार पावलांवर असताना ती गेली, तो माणूस आता ते सोडेल होय, असं आसपासच्या खेड्यांत सगळे म्हणत. औंढ्याकडून, कळमनुरीकडून माणसं यायची. धाप लागणारी म्हातारी, निळ्या ओठांचं लेकरू. सर प्रत्येकाला सांगायचे की माझ्याकडे औषध नाही, औरंगाबादला जा, आजच जा. चिठ्ठी लिहून द्यायचे. माणसं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायची आणि घरी जाऊन वाट बघायची.

मी पुढे हिंगोलीच्या कॉलेजात गेलो. दोनेक वर्षांनी माझे काही जुने कागद न्यायला वसमतला आलो होतो. दुपारची वेळ. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एक बाई बसली होती, पंचविशीची, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचे ओठ मला लांबूनच दिसले. सर त्या बाईसमोर जमिनीवर बसले होते. केस बरेच पिकले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

"बाई, माझ्याकडे औषध नाही. मी डॉक्टर नाही. हिला आज औरंगाबादला न्यायला पाहिजे."

"व्हय दादा."

"आज. चारची गाडी आहे. मी चिठ्ठी देतो."

"व्हय दादा," बाई म्हणाली आणि मुलीचं डोकं नीट मांडीवर घेतलं. "आमी बसतो हितं. तुमचं होऊ द्या. आमाला घाई न्हाई."

सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती "व्हय" म्हणाली आणि पदरानं लेकराला वारा घालू लागली. उठायचं नाव नाही. मुलीच्या गळ्याजवळ काहीतरी उडत होतं, सर तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"औषध झालंय," ते म्हणाले.

बाईचा वारा घालायचा हात थांबला.

"मीच केलंय. गेल्या महिन्यात झालं. पण ते हितं ठेवता येत नाही, औरंगाबादच्या दवाखान्यात ठेवलंय. तिथले डॉक्टर देतील. ते सांगतील तसं करायचं, कापायचं म्हणाले तरी न्हाई म्हणायचं नाही. माझ्या औषधाला ते लागतं."

इतकं सरळ, इतकं ठाम बोलणं मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. ती बाई तोवर उठलीसुद्धा होती. पिशवी काखेला मारत होती, चप्पल शोधत होती. सरांनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता जिना उतरू लागले.